बी ग्रुपचं पुढे काय झालं?



स्मरणिकेसाठी लेख दे, असा संपादक मंडळाचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, आठवणी सगळेच लिहितील. मधली सुट्टी, छडी, स्नेहसंमेलनातलं नाटक यांवर माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे आपल्या बॅचमध्ये पुष्कळ आहेत. मी थोडं इतिहासाकडे वळते.

आपण १९८४ साली एसएससी झालो. त्यातले अकरा जण अकरावी-बारावीला बी ग्रुपला गेलो. आजच्या मुलांना हा शब्द माहीत नसेल म्हणून सांगते : गणित घेतलं की ए ग्रुप, म्हणजे इंजिनिअरिंगची वाट. जीवशास्त्र घेतलं की बी ग्रुप, म्हणजे डॉक्टरकीची वाट. तिसरी वाट कोणी सांगत नसे. अकरापैकी दोघं डॉक्टर झाले. त्यांचं कौतुक आपण गेल्या तीन संमेलनांत केलं आणि ते योग्यच होतं. उरलेल्या नऊ जणांबद्दल मात्र चाळीस वर्षं एकच वाक्य ऐकू येतं : "मेडिकल हुकलं." मी त्या नवांतली एक.

हे लिहायला एक कारण घडलं. २०१९ साली माझ्या मुलाला नीटमध्ये हवे तेवढे गुण पडले नाहीत. संध्याकाळी मावशीचा फोन आला. "काय गं, काय झालं त्याचं?" आणि मी उत्तर दिलं, "हुकलं." तो दाराशीच उभा होता. १९८६ च्या जूनमध्ये बाबांनी हाच शब्द शेजाऱ्यांना सांगितला होता आणि तेव्हा दाराशी मी उभी होते. तेहेतीस वर्षांत मी जीवशास्त्रावरच पोट भरलं होतं, तरी माझ्या तोंडून तोच शब्द निघाला. तेव्हापासून मनात होतं की बी ग्रुपच्या मुलांचं आपल्या या उपनगरांत खरोखर काय झालं, ते एकदा नीट मांडावं.

हा हट्ट जुना आहे

बायोलॉजी म्हणजे डॉक्टर, हे समीकरण आपल्या आईवडिलांनी शोधलेलं नाही. कमल रणदिवे यांची गोष्ट पाहा. पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ, जन्म पुण्यात १९१७ साली. वडील स्वतः फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. त्यांची इच्छा अशी की मुलीनं डॉक्टर व्हावं आणि लग्नही डॉक्टरशीच करावं. मुलीनं वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन पदवी मिळवली आणि लग्न गणितज्ञाशी केलं. मग मुंबईला येऊन डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली कर्करोगावर काम केलं, १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवली आणि परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये ऊतिसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, देशातली पहिली प्रयोगशाळा उभी केली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. तेव्हा आपण आठवीत होतो. परळ मुलुंडहून लोकलनं पाऊण तासावर. पण हे नाव आपल्या कानावर कधी पडलं नाही.

दोष शाळेचा नाही. आपल्या विज्ञानाच्या बाईंनी (नाव लिहायची गरजच नाही, आपल्या बॅचला "बाई" म्हटलं की एकच चेहरा दिसतो) आपल्याला शेवाळ सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं, मिठागरांकडे नेऊन बगळे मोजायला लावले. पेशी, केंद्रक, हरितलवक, तंतुकणिका हे शब्द इतके पक्के करून घेतले की अकरावीत सगळं इंग्रजीत आल्यावर मी आठवडाभर 'मायटोकाँड्रिया' ही नवीनच काहीतरी वस्तू आहे असं समजत होते. ती आपली तंतुकणिकाच, हे कळल्यावर जीव भांड्यात पडला.

आपली एसएससी झाली त्याच वर्षी मुलुंड पूर्वेला वझे कॉलेज सुरू झालं. तोवर सायन्सचा विद्यार्थी घाटकोपरला झुनझुनवाला, विद्याविहारला सोमय्या किंवा ठाण्याला बांदोडकर कॉलेजात जायचा. पश्चिम रेल्वेवर अंधेरीचं भवन्स कॉलेज तर १९४६ पासूनचं. म्हणजे जीवशास्त्र शिकायला जागा भरपूर होती. एमबीबीएसला मात्र तेव्हा मुंबईत चारच कॉलेजं : केईएम, नायर, सायन आणि जेजे. पाचवं सार्वजनिक कॉलेज, विलेपार्ल्याला कूपर रुग्णालयाचं, निघालं ते थेट २०१५ साली. मुंबईभरातली बी ग्रुपची मुलं आणि चार कॉलेजं. बहुतेकांचं 'हुकणार' हे परीक्षेआधीच ठरलेलं होतं. ते गणित कोणी मांडून दाखवलं असतं तर आपण एवढे खचलो नसतो.

एलबीएस मार्गावरचे कारखाने

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहिते आहे, तिच्याकडे येते. बी ग्रुपच्या मुलांना उरलेली दारं कोणती, हे त्यांच्या टक्क्यांवर जेवढं अवलंबून होतं, त्याहून जास्त आपल्या आजूबाजूला त्या त्या वर्षी काय उभं होतं यावर होतं.

आठवा, लहानपणी एलबीएस मार्गावरून बसनं जाताना काय दिसायचं? मुलुंडला हेक्स्ट आणि जॉन्सन अँड जॉन्सन, भांडुपला मर्क शार्प अँड डोम (ते पुढे मेरिंड झालं), विक्रोळीला सिप्ला. पलीकडे साकीनाक्याला पार्क-डेव्हिस. गोरेगावला सिबाचं संशोधन केंद्र, ज्याचं उद्घाटन १९६३ साली पंडित नेहरूंनी केलं आणि ज्याचे पहिले संचालक होते रसायनशास्त्रज्ञ टी. आर. गोविंदाचारी. स्वातंत्र्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत औषधांच्या कंपन्यांनी मुंबईच्या उपनगरांत जागा घेतल्या. कारण तेव्हा जागा स्वस्त होती, रेल्वे होती, बंदर जवळ होतं.

मग १९७० चा पेटंट कायदा आला. तो १९७२ मध्ये लागू झाला. या कायद्यानं औषधाच्या रेणूवर पेटंट देणं बंद केलं, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर ठेवलं. दुसऱ्या पद्धतीनं तेच औषध बनवायची मुभा मिळाली आणि देशी कंपन्या झपाट्यानं वाढल्या. कारखाना वाढला की तपासणी वाढते, तपासणीला प्रयोगशाळा लागते आणि प्रयोगशाळेला बीएस्सी झालेली मुलं लागतात. आपल्यापैकी तिघांच्या पहिल्या नोकरीचं मूळ दिल्लीत झालेल्या या कायद्यात आहे. तेव्हा आपण दोन-चार वर्षांचे होतो.

या कारखान्यांत फक्त गोळ्या भरत नव्हत्या. मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्रात भारतीय वनस्पतींची छाननी चालायची. कोलियस फोर्सकोली नावाच्या वनस्पतीच्या मुळातून तिथं १९७० च्या दशकात एक द्रव्य वेगळं काढलं गेलं. त्याचं नाव फोरस्कोलिन. साधारण त्याच सुमारास लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतही याच वनस्पतीवर काम झालं होतं. पेशीच्या आत निरोप पोचवणारा एक रेणू असतो, सायक्लिक एएमपी. तो तयार करणाऱ्या विकराला फोरस्कोलिन थेट चालना देतं. त्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळांत आज ते नेहमीच्या वापरातलं रसायन आहे. आणि ही वनस्पती कोणती? मराठीत माईनमूळ. गुजरातीत गरमर. आपल्या वर्गातल्या गुजराती मैत्रिणीच्या डब्यात जे मुळांचं लोणचं असायचं आणि आपण हावरटासारखं संपवायचो, तेच ते!

मुलगा एमएस्सीला असताना त्याच्या प्रयोगाच्या वहीत मला हे नाव दिसलं. मी म्हटलं, "हे आपल्या स्टेशनपासून चालत जाता येईल अशा जागी निघालंय." त्याला वाटलं मी थट्टा करते आहे.

सशाचं तापमान

मी १९८९ मध्ये मायक्रोबायोलॉजी घेऊन बीएस्सी झाले आणि उपनगरातल्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता नियंत्रण विभागात लागले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगायचं आहे ते कोणा एका कंपनीबद्दल नाही.

काम काय होतं? इंजेक्शनची बॅच बाजारात जाण्याआधी तिच्यात जंतू नाहीत ना, हे पाहायचं. नमुने पोषक माध्यमात घालून चौदा दिवस ठेवायचे आणि रोज उजेडासमोर धरून पाहायचं, गढूळपणा येतो का. प्रतिजैविकांची ताकद मोजायची तर आगरच्या थाळीत जंतू पसरायचे, खळग्यांत औषध घालायचं आणि दुसऱ्या दिवशी जंतू न वाढलेल्या वर्तुळाचा व्यास मोजायचा. इंजेक्शननं ताप येणार नाही ना, याची परीक्षा सशांवर व्हायची. तीन ससे, कानाच्या शिरेतून इंजेक्शन आणि मग तीन तास त्यांचं तापमान. आईला मी सांगितलं की मी सशांचा ताप बघते, तर ती म्हणाली, "मग काय, जनावरांची डॉक्टर झालीस की!" तिनं चेष्टेनं म्हटलं, पण मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पुढे सशांच्या जागी दुसरी परीक्षा आली. घोड्याच्या नालासारखा दिसणारा एक समुद्री प्राणी आहे. त्याला खेकडा म्हणतात, पण नात्यानं तो कोळ्याच्या जवळचा. त्याच्या निळसर रक्तातला अर्क जंतूंच्या विषाशी गाठला की गोठतो. काचेच्या नळीत तासाभरात उत्तर. बाईंनी पाठ करून घेतलेलं संधिपाद प्राण्यांचं वर्गीकरण माझ्या नोकरीत असं उपयोगाला आलं.

बाकीचे काय करत होते? काही जण मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह झाले. टाय, चामडी बॅग, दवाखान्याबाहेरच्या बाकावर रात्री दहापर्यंत पेशंटच्या रांगेत बसणं. या नोकरीला १९७६ च्या कायद्यानं सेवाशर्तींचं संरक्षण दिलं, तरी टार्गेटचं ओझं कमी झालं नाही. एक मैत्रीण डीएमएलटी करून पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली. एकीनं बीएड केलं आणि ती शिक्षिका झाली. एकानं बँकेची परीक्षा दिली आणि जीवशास्त्र कायमचं सोडलं. आपल्यातला एक जण रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात गेला. ते १९८१ साली सुरू झालेलं. मग पदव्युत्तर शिक्षणाला तो वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत आला. ही संस्था १९६१ पासून अंधेरीत आहे, १९८९ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. देशभरातली मुलं तिथं शिकायला येतात आणि आपण अंधेरीला लग्नाला जाऊन परत येतो, पण ती पाहिलेली नसते. आम्ही त्याला "मासे मोजणारा" म्हणायचो. तो आज कोळंबी संवर्धनातला जाणकार आहे आणि आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त जग फिरलाय.

कारखाने गेले

१९९० नंतर एलबीएस मार्ग बदलला. जागेचा भाव इतका वाढला की त्यावर गोळ्या बनवण्यापेक्षा इमारत बांधणं फायद्याचं झालं. दुसऱ्या राज्यांत करांच्या सवलती मिळू लागल्या. २००३ नंतर हिमाचल आणि उत्तराखंडातल्या अबकारी सवलतीनं तर औषधनिर्मितीचा मोठा भाग तिकडे ओढला. मुलुंडचं हेक्स्टचं संशोधन केंद्र दशकाच्या अखेरीस निकोलस पिरामलकडे गेलं. कारखान्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले.

माझी कंपनी १९९७ मध्ये बंद झाली. सकाळच्या पाळीला गेलो तर फाटकावर कागद लावलेला. व्हीआरएसचा अर्ज भरा. मी एकोणतीस वर्षांची होते, बाकीचे बरेच पन्नाशीतले. आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी इनक्युबेटरमधल्या थाळ्या बाहेर काढून, नीट निर्जंतुक करून, धुऊन ठेवल्या. बॅच बाजारात जाणारच नव्हती. तरी त्यांनी नोंदवहीत चौदाव्या दिवसाची नोंद केली आणि सही केली.

त्यानंतरची आठ-नऊ वर्षं मी घरी शिकवण्या घेतल्या आणि एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं. सीएचबी म्हणतात त्याला. तासाला ठरावीक पैसे, सुट्टीत काहीच नाही, पुढल्या वर्षी बोलावतील की नाही याची खात्री नाही. हीसुद्धा बायोलॉजीच्या मुलांच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे आणि ती झाकून ठेवून तरुणांना 'स्कोप खूप आहे' असं सांगणं बरोबर नाही. मी शिकवत होते त्याच काळात बायोटेक्नॉलॉजीची लाट आली. कॉलेजाकॉलेजांत नवे वर्ग निघाले, भरपूर फिया घेतल्या गेल्या. मुलं उत्साहानं आली, पण त्या प्रमाणात प्रयोगशाळा उभ्या राहिल्या नाहीत. माझे कितीतरी विद्यार्थी जनुकशास्त्र शिकून कॉल सेंटरला गेले. ते कमी हुशार नव्हते. त्यांच्या वेळेला कारखाने नव्हते, एवढंच.

२००५ नंतर

१ जानेवारी २००५ पासून औषधाच्या रेणूवरचं पेटंट पुन्हा लागू झालं. त्याच महिन्यात औषध चाचण्यांचे नियम बदलले आणि परदेशी औषधांच्या चाचण्या भारतात करणं सोपं झालं. अंधेरीच्या सीप्झमध्ये आणि पवई, ऐरोलीच्या काचेच्या इमारतींत नवं काम आलं : चाचण्यांची माहिती तपासणं आणि औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणं. याला फार्माकोव्हिजिलन्स म्हणतात.

२००६ साली, अडतिसाव्या वर्षी, मी पंचविशीतल्या मुलांबरोबर परीक्षा देऊन त्या कामाला लागले. जगात कुठेतरी एखाद्या आजीला गोळी घेतल्यावर चक्कर येते, डॉक्टर कळवतात, तो कागद माझ्यासमोर येतो. ही चक्कर गोळीमुळे की रक्तदाबामुळे? आधी कोणती औषधं चालू होती? गंभीर आणि अनपेक्षित असेल तर पंधरा दिवसांत सरकारी यंत्रणेला कळवायचं असतं. भारत सरकारचा स्वतःचा असा कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. संगणक नवा होता, पण सवय जुनी होती : जे दिसतं ते लिहायचं, जे दिसत नाही ते लिहायचं नाही. बगळे मोजताना बाई हेच सांगायच्या. "अंदाजे वीस" लिहिलं की वही परत.

याच काळात आणखी वाटा निघाल्या, ज्यांचं नावही १९८६ मध्ये कोणी घेतलं नसतं. त्याच वर्षीच्या ६ ऑगस्टला, आपण बीएस्सीच्या पहिल्या वर्गात नुकतेच बसलो होतो तेव्हा, केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. आपण पेपरात वाचलं आणि विसरलो. आज उपनगरांत जागोजागी अशी केंद्रं आहेत आणि तिथं सूक्ष्मदर्शकापाशी बसणारा एम्ब्रियॉलॉजिस्ट बहुधा बी ग्रुपचाच असतो. डीएमएलटी केलेल्या आपल्या मैत्रिणीची मुलगी आज तेच काम करते.

२००५ सालीच मुंबई उच्च न्यायालयानं तिवरं तोडण्यावर बंदी घातली. २०१२ मध्ये वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला, २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये तिला रामसर दर्जा मिळाला. म्हणजे बाईंनी आपल्याला जिथं चिखलात उभं केलं त्याच खाडीवर आता सागरी जीवशास्त्रज्ञांना पगार मिळतो. दुसऱ्या बाजूला, बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरलेलं आपलं राष्ट्रीय उद्यान. २००२ ते २००४ दरम्यान बिबट्यांचे हल्ले फार वाढले होते, मुलुंड कॉलनीतले लोक संध्याकाळी बाहेर पडत नव्हते. बिबट्या एका जागी पकडून दुसरीकडे सोडला की संघर्ष वाढतो, हे विद्या अत्रेय यांच्या जुन्नर भागातल्या अभ्यासातून पुढे आलं. २०१५ साली कॅमेरे लावून उद्यान आणि परिसरात ३५ बिबट्यांची मोजदाद झाली. हे करणारी सगळी मुलं बायोलॉजीचीच.

नववा

आपल्या नवांपैकी आठांचं सांगितलं. नववा गेल्या तिन्ही संमेलनांना आलेला नाही. बारावीत तो आमच्यात सगळ्यात हुशार होता आणि त्याचं एमबीबीएस अगदी थोडक्यात गेलं. हा लेख लिहायचा म्हणून त्याचा नंबर मिळवला. तीन दिवस तो फोन उचलत नव्हता. मग स्वतःच केला.

तो बत्तीस वर्षं महापालिकेच्या कीटकनाशक विभागात होता. "तिथं येऊन काय सांगणार?" तो म्हणाला. "डॉक्टर लोक बसलेले, आणि मी डास पकडतो?"

मी म्हटलं, सांग मला, कसे पकडतोस. मग तो तासभर बोलत होता. मुंबईचा मलेरिया पसरवणारा डास म्हणजे ॲनोफिलिस स्टीफेन्सी. त्याला डबकं लागत नाही. त्याला स्वच्छ पाणी लागतं : गच्चीवरची टाकी, विहीर, बांधकामावरचं साठवलेलं पाणी. १९११ सालीच चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियावरच्या अहवालात विहिरींकडे बोट दाखवलं होतं. लोकांनी विहिरी बुजवायला विरोध केला, कारण त्या धार्मिक कामाला लागत. शंभर वर्षांनी विहिरींच्या जागी टाक्या आल्या आणि वाद तोच राहिला : सोसायटीचे सेक्रेटरी गच्चीची किल्ली देत नाहीत. २०१० साली मुंबईत मलेरियाची मोठी साथ आली तेव्हा तो चार महिने रोज टॉवरच्या टाक्यांवर चढत होता. अळी पाण्यावर आडवी तरंगली की ॲनोफिलिस, डोकं खाली करून लटकली की दुसरी जात. "हे बाईंनी फळ्यावर काढून दाखवलं होतं," तो म्हणाला, "आठवतं?"

मला आठवत नव्हतं. त्याला आठवत होतं, आणि त्या एका आकृतीवर त्यानं बत्तीस वर्षं काढली. त्यानं किती जणांचा ताप टाळला, याची नोंद कुठल्याही रजिस्टरात होत नाही, कारण न आलेल्या तापाचा केसपेपर निघत नसतो.

मित्रमैत्रिणींनो, मला या इतिहासातून एवढंच दिसतं. सतराव्या वर्षी आपण एक दार धरून बसलो होतो. बाकीची दारं तेव्हा एकतर कोणी दाखवली नाहीत किंवा ती अजून बांधलीच गेली नव्हती. कायदे बदलले, कारखाने आले आणि गेले, न्यायालयाचा एक निकाल आला आणि चिखलातून नोकऱ्या निघाल्या. यातलं काहीच आपल्या गुणपत्रिकेत लिहिलेलं नव्हतं. आणि यातली एकही नोकरी कायमची नव्हती. टिकलं ते बाईंनी शिकवलेलं पाहणं आणि खरं तेवढंच लिहिणं.

माझा मुलगा एमएस्सी झाला. अजून चाचपडतो आहे. एक करारावरची नोकरी झाली, दुसरी शोधतो आहे. त्याला मी त्या दिवसाबद्दल 'चुकले' म्हणायला दोन वर्षं लावली. तो म्हणाला, "आई, मला माहीत होतं तू शब्द चुकलीस." मोठ्या मनाचा आहे.

एक विनंती करून थांबते. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे. येत्या डिसेंबरातल्या एका शनिवारी दहावीच्या मुलांसमोर आपण अकराच्या अकरा जणांनी बसायचं. दोन डॉक्टर आणि नऊ आम्ही. पगार किती, त्रास काय, कुठे शिकलो, कधी नोकरी गेली, सगळं खरं सांगायचं. इतर बॅचमधले बी ग्रुपवाले असतील तर त्यांनीही शाळेच्या कार्यालयात नाव द्यावं. मुलांच्या पालकांनाही बोलावणार आहोत, कारण 'हुकलं' हा शब्द मुलं शिकतात तो घरात.

नववा येतो म्हणालाय. काचेच्या बाटलीत जिवंत अळ्या घेऊन येणार आहे, दोन्ही जातींच्या. बाईंनाही मी कळवलं आहे. त्या म्हणाल्या, "मी पहिल्या बाकावर बसेन. आणि त्याला सांग, बाटलीचं झाकण घट्ट लाव."